मामींची निवृत्ती कधी?

छत्रपती संभाजीनगरच्या सिडकोत आमचे शेजारी तामिळ. मामा वाळूजच्या कारखान्यातून निवृत्त झाले. आता कॅनॉट गार्डनला फेरफटका, पेपर, दुपारची झोप, संध्याकाळी मित्र. मामी मात्र पहाटे पाचला फिल्टर कॉफीला उठतात. मग इडली, सांबार, भांडी, मित्रांचा चहा. मामा म्हणतात, "तिला आवडतंच." मी मामींना विचारलं. त्या म्हणाल्या, "आजवर कुणी विचारलंच नाही."

माझ्या मराठी घरात तरी काय वेगळं? २०२४ च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणात घरकामाला हात लावणारे पुरुष रोज सरासरी ८८ मिनिटं देतात, बायका २८९! याला आवड म्हणायचं? हे बिनपगारी राबणं आहे. मैत्रिणींनो, नवरा शाल-श्रीफळ घेऊन घरी आला की दुसऱ्याच दिवसापासून कामाची वाटणी मागा. विश्रांतीवर हक्क दोघांचा!