यात्रेतील पाल आणि चित्रकाराचा हक्क

धाराशिव जिल्ह्याचा उल्लेख राज्यकर्त्यांच्या तोंडी येतो तो बहुधा अवर्षण आणि मागासलेपण यांच्या संदर्भात. केंद्र सरकारने २०१८ साली तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्याची ‘आकांक्षित जिल्हा’ म्हणून निवड केली, तेव्हा आरोग्य, शिक्षण, शेती, पाणी यांच्या जोडीला कौशल्यविकास हाही विषय घेण्यात आला. परंतु कौशल्य म्हणजे दुसऱ्याच्या कारखान्यात नोकरीस लायक होणे, एवढाच अर्थ अशा योजनांत धरला जातो. आपल्या हातांनी वस्तू घडवून आपणच ती विकणारा माणूस या हिशेबात बसत नाही. हाताने छापलेली चित्रे घेऊन यात्रेत चार दिवसांचे पाल ठोकू पाहणारा चित्रकार तर कोणाच्या खिजगणतीतही नसतो.

जेथे उन्हाळ्यात घागरभर पाण्यासाठी वणवण होते, तेथे चित्रे कोण विकत घेणार, असा प्रश्न शहाणे लोक विचारतील. त्याचे उत्तर तुळजापुरात मिळते. नवरात्रात आणि कोजागरीला अनवाणी चालत आलेला भाविक परतताना कुंकू, परडी, कवड्यांची माळ आणि देवीची तसबीर घेऊन जातो. ज्या घरात धड कपाट नाही त्या घराच्या भिंतीवर तसबीर असते. तेव्हा गरिबाला चित्राची भूक नाही, हे म्हणणे खोटे आहे. खरी गोष्ट अशी की यात्रेत विकली जाणारी चित्रे ऑफसेट यंत्रावर हजारोंनी छापून येतात. पालात बसलेला विक्रेता मधल्या नफ्यावर जगतो आणि चित्र काढणाऱ्याचे नावही कोणाला ठाऊक नसते.

छापील चित्राने सामान्यांच्या घरात प्रवेश केला तो राजा रविवर्म्याच्या छापखान्यामुळे. १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेला हा छापखाना पुढे लोणावळ्याजवळ मळवलीस गेला आणि अखेर जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. चित्र घरोघर पोहोचले, पण छपाईचे साधन चित्रकाराच्या हाती राहिले नाही. याच्या उलट उदाहरण चित्तप्रसाद भट्टाचार्य यांचे. १९४३ च्या बंगालमधील दुष्काळावरची त्यांची ‘हंग्री बेंगॉल’ ही पुस्तिका ब्रिटिश सरकारने जप्त करून जाळली. १९४६ पासून मुंबईत राहून या कम्युनिस्ट चित्रकाराने लिनोकटचे माध्यम जोपासले. छापांवर क्रमांक घालून त्यांची दुर्मिळता विकण्याचा मार्ग त्यांनी पत्करला नाही. कारण ते छाप बहुजनांसाठी होते. आज तेच छाप संग्राहकांच्या बाजारात गेले आहेत, हा भांडवलशाहीचा नेहमीचा न्याय होय.

लिनोकटला यंत्र लागत नाही, वीजही लागत नाही. लिनोलियमच्या तुकड्यावर चित्र उलटे कोरावयाचे, रुळाने शाई लावावयाची, वर कागद अंथरून चमच्याच्या पाठीने घासावयाचे. एका ठशातून अनेक छाप निघतात, म्हणून किंमत आवाक्यात ठेवता येते. साधन चित्रकाराचे, श्रमही त्याचेच. अडते ते विक्रीपाशी. शहरातील कलादालनाचे भाडे त्याला परवडत नाही आणि दलालामार्फत विकावे तर मोबदल्यातील मोठा हिस्सा दलालाकडे जातो. उरतो तो यात्रेचा किंवा आठवडी बाजाराचा तात्पुरता गाळा. तेथेही जागा ठेकेदाराच्या मर्जीवर मिळणार असेल, तर एका मध्यस्थाच्या जागी दुसरा आला, इतकेच.

या बाबतीत कायदा अगदीच मुका नाही. १ मे २०१४ पासून अमलात आलेल्या पथविक्रेता कायद्यानुसार शहरांत पथविक्रेता समिती असावी लागते. तिच्यात किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले आणि त्यांत एक तृतीयांश स्त्रिया असल्या पाहिजेत. निदान पाच वर्षांतून एकदा विक्रेत्यांचे सर्वेक्षण व्हावे, असेही कायदा सांगतो. तात्पुरत्या गाळ्यातून विकणारा या कायद्याबाहेरचा नाही. मात्र व्याख्येत ‘नित्योपयोगी’ मालाचा उल्लेख असल्याने चित्र त्यात मोडत नाही, असा अर्थ काढण्यास अधिकाऱ्याला वाव राहतो. शिवाय हा कायदा शहरांपुरता आहे. चैत्रात येडेश्वरीची यात्रा भरते त्या येरमाळ्यासारख्या गावी विक्रेत्याला ग्रामपंचायतीकडेच जावे लागते.

म्हणून मागणी स्पष्ट असली पाहिजे. जिल्ह्यातील नगर परिषदांनी आणि ग्रामपंचायतींनी यात्रेत व आठवडी बाजारात काही जागा स्वतः घडवलेला माल स्वतः विकणाऱ्यांसाठी लिलावाबाहेर राखून ठेवाव्यात. त्यांचे शुल्क ठरावाने निश्चित व्हावे, आणि त्या जागी चित्रकार, कुंभार, घोंगडी विणणारा यांना एकाच हक्काने बसता यावे. ही कलेला दिलेली देणगी नव्हे. श्रमाचे मोल श्रमिकाच्याच पदरात पडावे, ही जुनीच मागणी आहे.

कार्यकर्त्यांनी या प्रश्नाला फुरसतीचा विषय समजू नये. पुरोगामी चळवळीनेही चित्रकाराकडे बहुतेक वेळा फलक रंगवून घेण्यापुरतेच पाहिले, आणि तेही फुकट. येत्या मेळाव्यांत पुस्तकांच्या टेबलाशेजारी छापांचे एक टेबल लागावे, पक्षाच्या कचेऱ्यांत पैसे मोजून घेतलेले एक तरी चित्र असावे, आणि यात्रेच्या नियोजनाची बैठक बोलावली जाईल तेव्हा राखीव जागांचे निवेदन घेऊन कार्यकर्ते तेथे हजर असावेत. जागांचे वाटप होऊन गेल्यावर दिलेल्या निवेदनाचा उपयोग नसतो.