घटनादुरुस्तीचे दार आणि राज्ये

केंद्राचेच अधिकार आवरावयाचे असतील, तर राज्यांनी घटनादुरुस्तीची मागणी कोणाकडे करावी? सप्टेंबर १७८७ मध्ये फिलाडेल्फियाच्या घटनापरिषदेत व्हर्जिनियाचे जॉर्ज मेसन यांनी हाच प्रश्न उपस्थित केला होता. काँग्रेसच जुलमी झाली तर दाद कोठे मागावयाची, ही त्यांची हरकत. तीतून अमेरिकी घटनेच्या पाचव्या कलमात दुसरी वाट आली. दोनतृतीयांश राज्यांच्या विधिमंडळांनी अर्ज केल्यास काँग्रेसने परिषद बोलावलीच पाहिजे; परिषदेने सुचविलेल्या दुरुस्तीस तीनचतुर्थांश राज्यांची संमती हवी. आजच्या हिशेबाने हे आकडे ३४ आणि ३८ होतात. परिषदेचे कामकाज कसे चालावे याविषयी मात्र कलम मौन पाळते. मॅडिसन यांनी ही अडचण तेव्हाच बोलून दाखविली होती.

अशी परिषद आजवर भरलेली नाही. सर्व २७ दुरुस्त्या काँग्रेसनेच मांडल्या. म्हणून ही वाट निरुपयोगी म्हणावी काय? सिनेटर थेट जनतेने निवडावेत ही मागणी सिनेटने दीर्घकाळ अडवून धरली. (आपल्या खुर्चीला कोण हात लावू देतो?) राज्यांचे अर्ज वाढत गेले, तेव्हा १९१२ मध्ये काँग्रेसने स्वतःच दुरुस्ती मांडली आणि १९१३ मध्ये ती संमत झाली. केंद्राचे अंदाजपत्रक समतोल असावे यासाठी १९८३ पर्यंत ३२ राज्यांनी अर्ज केले. दोन राज्ये कमी पडली. मंदीच्या वर्षी असे बंधन घातक ठरते, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास सांगावयास नको. परंतु मागणी चुकीची म्हणून मागण्याचा अधिकार चुकीचा ठरत नाही.

भारतात हा अधिकारच नाही. ३६८व्या कलमान्वये दुरुस्तीचे विधेयक संसदेतच मांडता येते. काही तरतुदींना निम्म्या राज्यांची संमती लागते, ती मागाहून. वस्तू व सेवा कराची २०१६ची दुरुस्ती अशीच झाली. विक्रीकरासारखे उत्पन्नाचे प्रमुख साधन राज्यांनी सामाईक व्यवस्थेत सोडले. ती तरतूद उद्या बदलावी असे बहुसंख्य राज्यांना वाटले, तरी प्रारंभ संसदेनेच करावयाचा. आपल्या करव्यवस्थेपुरता तरी प्रस्तावाचा हक्क राज्यांना असावयास हवा.

१६९वे कलम तेवढे थोडे वेगळे. विधानपरिषद स्थापण्याचा वा मोडण्याचा ठराव विधानसभा करते. कायदा करणे न करणे संसदेच्या मर्जीवर. आंध्र प्रदेश विधानसभेने जानेवारी २०२० मध्ये परिषद बरखास्त करण्याचा ठराव केला. संसदेने कायदा केला नाही, आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये विधानसभेनेच तो मागे घेतला.