गवंड्याच्या हाताखाली राबायला पाठवा

महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या माननीय कुलगुरूंना,


भूकंपात पडलेली शाळा पुन्हा उभी करायला नेपाळच्या डोंगरात जावे, असे आपल्या अनेक विद्यार्थ्यांना मनापासून वाटते. त्यांना जरूर पाठवा. मात्र आठवडाभर दगड रचून, फोटो काढून परतण्यासाठी नको. गावच्या गवंड्याच्या हाताखाली राबायला पाठवा. गोरखा जिल्ह्यातल्या अशा एका बांधकामावर मी स्वयंसेवक होतो, म्हणून हे कळकळीने लिहितो आहे.

२५ एप्रिल २०१५ च्या भूकंपाचे केंद्र याच जिल्ह्यात, बारपाकजवळ होते. जवळपास नऊ हजार माणसे गेली, हजारो शाळांची पडझड झाली. वेळ दुपारी बाराच्या सुमाराची, पण वार शनिवार, म्हणजे नेपाळमध्ये शाळेला सुट्टी. नोव्हेंबर २०२३ मध्ये पश्चिम नेपाळमधले जाजरकोट हादरले ते रात्री. आपली किल्लारी ३० सप्टेंबर १९९३ ला हादरली तीही पहाटे. तिन्ही वेळा वर्ग रिकामे होते, हा निव्वळ योगायोग. त्याच्या भरवशावर पुढची शाळा बांधता येणार नाही.

किल्लारीत काय आणि गोरखात काय, जीव घेतले ते मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींनी. अशी भिंत बाहेरून एकसंध दिसते, आत मात्र दगडांचे दोन सुटे थर असतात. हादऱ्याने ते फाकतात आणि भिंत पोटातून फुटते. उपाय माहीत आहे: ठरावीक अंतरावर दोन्ही थरांना सांधणारा आरपार दगड, पक्के बांधलेले कोपरे आणि दारे-खिडक्यांच्या वर चारही भिंतींना धरून ठेवणारा सलग पट्टा. आम्ही कपाळाला नाम्लो, म्हणजे ओझ्याचा पट्टा लावून पाठीवरच्या टोपलीत दगड वाहून आणायचो. गवंडी एकेक दगड भिंतीच्या जाडीला लावून बघायचा. आखूड निघाला की बाजूला टाकायचा. ही नजर आठ दिवसांत येत नाही.

म्हणून आपणांस तीन विनंत्या आहेत. निदान महिनाभर राहू शकणाऱ्यांनाच निवडा, त्यात स्थापत्यशाखेचे विद्यार्थी हवेतच. ओझी वाहणे, मोजमापे घेणे, हिशेब ठेवणे ही कामे त्यांना द्या. जमलेल्या निधीतून आधी स्थानिक गवंडी, सुतार आणि हमालांची मजुरी भागवा, प्रवासखर्चाचे नंतर बघा. आणि इमारतीच्या उद्‌घाटनाने जबाबदारी संपली असे समजू नका. छत, भेगा, पाण्याचा निचरा पाहायला पुढची काही वर्षे माणसे पाठवत राहा.

यात केवळ नेपाळचे भले नाही. भूकंप अनुभवलेल्या कोयना आणि किल्लारीच्या परिसरात दगडी बांधकामे आजही आहेत. ती तपासायला जाणती माणसे लागतील. गोरखातल्या गवंड्याकडून शिकून आलेल्या मुलांना हे काम सोपवा. ती ते नक्की करतील.

आपला विश्वासू,
एक स्थापत्य अभियंता