कमाईचे इंग्रजी शब्द



भरपूर पैसा मिळवणे यासाठी इंग्रजीत अनेक शब्दप्रयोग आहेत. सगळ्यांचा अर्थ एकच, असे समजून मुले ते पाठ करतात. पण पैसा किती आला याबरोबर तो कसा आला, हेही यातले बरेच शब्द सांगतात. वीस वर्षे इमानेइतबारे दुकान चालवणाऱ्या वडिलांबद्दल मुलगा इंटरव्ह्यूत 'ही मेड अ फास्ट बक' म्हणाला, तर ऐकणाऱ्याला वाटेल, वडिलांनी काहीतरी लबाडी केली!

सुरुवात 'सॅलरी'पासून करू. हा शब्द लॅटिनमधून आला आणि त्याच्या मुळाशी 'साल' म्हणजे मीठ आहे. उर्दूत आपण 'नमकहलाल' म्हणतो, मराठीत 'खाल्ल्या मिठाला जागणे'. पगार आणि मीठ यांचे नाते असे तिन्ही भाषांत सापडते.

'मेक मनी' आणि 'अर्न मनी' यांतला फरक मुलांना जरूर सांगा. 'मेक' म्हणजे नुसते पैसे मिळवणे. 'अर्न'मध्ये मेहनतीने पात्र होणे हाही अर्थ आहे. म्हणून 'अर्न रिस्पेक्ट' म्हणतात, 'मेक रिस्पेक्ट' म्हणत नाहीत.

आता जोरदार कमाईचे शब्द. 'मेकिंग मनी हँड ओव्हर फिस्ट' म्हणजे भराभर, ढिगाने पैसा मिळवणे. खलाशी एकामागून एक हात टाकत दोर ओढतात, त्यावरून हा प्रयोग आला. 'रेकिंग इट इन' म्हणजे दाताळ्याने पालापाचोळा ओढावा तसा पैसा गोळा करणे. 'मेक अ किलिंग' म्हणजे थोड्या वेळात प्रचंड नफा. शेअर बाजाराच्या बातम्यांत हा नेहमी दिसतो. 'विंडफॉल' म्हणजे वाऱ्याने पडलेले फळ. आंबा झाडावर न चढताच हाती यावा, तसा अचानक मिळालेला पैसा.

एका प्रयोगाबद्दल आपल्या मुलांना हमखास प्रश्न पडतो: 'ब्रिंग होम द बेकन'. अर्थ साधा आहे, कमावून घर चालवणे. पण बेकन म्हणजे डुकराचे खारवलेले मांस. मग हा शब्द शिकायचा का? जरूर शिकावा, कारण वाचनात तो येणारच आणि अर्थ कळायला हवा. स्वतः बोलताना मात्र अडण्याचे कारण नाही. 'अर्न अ लिव्हिंग' आहे, 'प्रोव्हाइड फॉर द फॅमिली' आहे. घरातल्या कमावत्या माणसाला 'ब्रेडविनर' म्हणतात. तो रोटी आणतो, आपल्या 'रोजीरोटी'सारखाच. आई कमावत असेल तर तीही ब्रेडविनरच.

एक गोष्ट मात्र मोठ्यांनीही ध्यानात घ्यावी. बँकेच्या जाहिरातीत 'अर्न इंटरेस्ट' असे लिहिलेले असते. मेहनतीचा तोच 'अर्न' व्याजालाही जोडला जातो. उलट कराच्या भाषेत व्याज आणि घरभाडे या दोन्हींना 'अनअर्न्ड इन्कम' म्हणतात. आपल्याकडे तर घरभाडे हलाल आणि व्याज हराम! शब्दकोश अर्थ सांगतो, हलाल-हरामचा निवाडा करत नाही. माल कुठून कमावला आणि कशात खर्च केला, या दोन्हींचा हिशेब द्यावा लागेल, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे. 'किती' हा प्रश्न त्यात नाही. मुलांना कमाईचे शब्द शिकवताना 'कुठून' विचारायची सवयही लावा.

या महिन्याचा सराव. योग्य प्रयोग निवडा:
१. रिक्षा चालवून बाबा घर चालवतात.
२. चुलत्यांच्या वारसाहक्कातून अचानक रक्कम मिळाली.
३. त्याने भेसळ करून झटपट पैसा केला.

उत्तरे मुलांना आधी तोंडी द्यायला सांगा, मग वहीत लिहून घ्या. पुढच्या अंकात ताडून पाहू, इन्शाअल्लाह.