विवरणपत्र ऑनलाइन, चावी कोणाच्या हाती?

जुलै उजाडला, की कोल्हापूरकरांचे लक्ष राजाराम बंधाऱ्यावरील पाणीपातळीकडे लागते. ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी, हे आकडे येथे शाळकरी मुलांनाही पाठ असतात. याच महिन्यात पगारदार व निवृत्तिवेतनधारकांपुढे आणखी एक मुदत उभी ठाकते. ती म्हणजे सर्वसाधारणपणे ३१ जुलैपर्यंत भरावयाच्या प्राप्तिकर विवरणपत्राची.

कागदी विवरणपत्राच्या काळात रांगेत उभे राहून शिक्का मारलेली पोचपावती घ्यावी लागे. २००६ मध्ये कंपन्यांना इलेक्ट्रॉनिक विवरणपत्राची सक्ती झाली. २०१२-१३ या निर्धारण वर्षापासून दहा लाखांहून अधिक उत्पन्न असलेल्या व्यक्ती व पुढील वर्षी पाच लाखांवरील करदाते त्या कक्षेत आले. सही केलेली पोचपावती बंगळूरच्या केंद्रीय प्रक्रिया केंद्राकडे टपालाने पाठविण्याचा द्राविडी प्राणायामही २०१५ मध्ये आधारशी जोडलेल्या ओटीपीमुळे अनेकांपुरता संपला. रांग गेली, परतावा थेट बँक खात्यात येऊ लागला, हा लाभ निर्विवाद आहे.

अर्थात, यंत्रणाही कोलमडते. ७ जून २०२१ रोजी सुरू झालेल्या नव्या संकेतस्थळाने करदात्यांना जेरीस आणले. त्याच वर्षी जुलैअखेर कोल्हापूर महापुरात सापडले होते. विवरणपत्राची मुदत अखेर ३१ डिसेंबरपर्यंत वाढली. संकेतस्थळाचा दोष साऱ्या देशाला दिसतो, म्हणून मुदतवाढ मिळते. मात्र या व्यवस्थेतील दुसरा दोष कोणाला दिसत नाही आणि त्याला मुदतवाढही नाही.

तो दोष म्हणजे परावलंबन. संगणकाशी फारसा परिचय नसलेला करदाता आपला पॅन क्रमांक, पासवर्ड आणि ओटीपी विवरणपत्र भरून देणाऱ्याच्या हवाली करतो. नोंदणीत ई-मेलही त्याचाच दिला जातो. बहुसंख्य करसल्लागार आणि सनदी लेखापाल सचोटीने काम करतात. तथापि, जादा परतावा मिळवून देण्याचे आमिष दाखवून त्यावर टक्केवारी घेणाऱ्यांचे फावते ते याच सवयीमुळे.

केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने १४ जुलै २०२५ रोजी देशभरातील दीडशे ठिकाणी केलेल्या कारवाईतून हे उघड झाले. घरभाडे भत्ता, राजकीय पक्षांना देणग्या, शैक्षणिक कर्जाचे व्याज अशा खोट्या वजावटी दाखवून परतावे घेतले जात होते. काही मध्यस्थ केवळ विवरणपत्रे भरण्यापुरते तात्पुरते ई-मेल तयार करीत व नंतर सोडून देत. परिणामी खात्याच्या नोटिसा वाचल्याच जात नसत. मंडळाच्याच निवेदनानुसार, त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे ४० हजार करदात्यांनी विवरणपत्रे सुधारून १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे मागे घेतले होते.

कायद्याच्या दृष्टीने विवरणपत्र करदात्याचेच असते. चुकीची माहिती देऊन कर चुकविल्यास त्या कराच्या २०० टक्के दंडाची तरतूद आहे. ‘मला ठाऊक नव्हते’ हा बचाव तेथे क्वचितच उपयोगी पडतो. मध्यस्थ आपली टक्केवारी घेऊन मोकळा होतो. नोटीस मात्र निवृत्त शिक्षकाच्या नाहीतर कारखान्यातील कामगाराच्या नावे निघते.

यावरचा उपाय अवघड नाही. नोंदणीत मोबाइल व ई-मेल स्वतःचाच असावा. वार्षिक माहिती विवरणातील व्याज, पगार व करकपात यांच्या नोंदी विवरणपत्राशी ताडून पाहाव्यात. प्रत्येक वजावटीचा पुरावा हाताशी असल्याखेरीज ओटीपी देऊ नये. भरलेल्या विवरणपत्राची प्रत घरी ठेवावी. शासनानेही केवळ कारवाईवर न थांबता साध्या मराठीत मार्गदर्शन करणारी मदत केंद्रे मुदतीच्या काळात चालवावीत. पुराचा इशारा वेळीच मिळतो म्हणून नदीकाठची माणसे सावध होतात. करदात्यालाही तसा इशारा नोटीस येण्यापूर्वी मिळायला हवा.