एकक न लिहिल्यास गुण नाहीत

मंडळी, यावेळी लोणच्यांवर लिहीन असं मागच्या लेखात कबूल केलं होतं. लोणचं अजून थोडं मुरू दे. आज मला भांडायचं आहे.

झालं असं, धाकटा नातू सुट्टीला साताऱ्याला आला. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सोबत त्याचा तो गेमिंग लॅपटॉप. कीबोर्डखाली लाल-निळे दिवे, आणि पंखा सुरू झाला की शेजारी पिठाची गिरणी चालू झाल्यासारखं वाटतं. त्यात आठ जीबीची एकच रॅम होती. आणखी एक घालायची होती, म्हणून वाढदिवसाचे पैसे मी दिले आणि दुकानातही मीच सोबत गेले. "आहे त्याच स्पीडची द्या, ३२०० ची," नातू म्हणाला. "तीच आहे," काउंटरवरचा मुलगा म्हणाला. बिलावर लिहिलं, '८ जीबी रॅम'. बस्स, एवढंच.

दोन दिवसांनी रात्री जेवताना नातवाचं तोंड उतरलेलं. सीपीयू-झेड नावाच्या प्रोग्रॅममध्ये रॅमचा वेग १३३३ दिसतोय म्हणे. "आजी, ३२०० चे पैसे दिले आणि निम्माही वेग नाही! आता ओव्हरक्लॉकच करतो." त्याच्या बायॉसमध्ये तशी सोय नव्हती, तर कुणा मित्राने बायॉसच बदलायची एक फाइल पाठवली होती. मी म्हटलं, आधी मला समजावून सांग. तर म्हणतो, "तुला नाही कळणार गं."

झालं! बीए मराठी असले तरी गणिताला शिक्षक नसायचे तेव्हा पाचवी ते सातवीचं गणित मी वर्षानुवर्षं शिकवलं आहे. दोन संध्याकाळी त्याला समोर बसवलं, त्यानेच वाचून दाखवलं आणि दोघांनी मिळून कोडं सोडवलं.

या रॅमच्या नावातच उत्तर आहे. डीडीआर म्हणजे डबल डेटा रेट. घड्याळाच्या एका ठोक्यात ती माहिती दोनदा देते. झोपाळ्यावर बसलेल्या मुलीची कल्पना करा. झोका पुढे गेला की एक पेरू तोडते, मागे आला की दुसरा. झोके १३३३, तर पेरू २६६६. सीपीयू-झेड झोके मोजतो, त्याचं एकक मेगाहर्ट्झ. दुकानदार पेरू सांगतो, त्याचं एकक सेकंदाला इतके मेगाट्रान्सफर. म्हणजे नातवाची अर्धी फसवणूक झालीच नव्हती. दुसरी अर्धी मात्र झाली होती. ३२०० च्या रॅमचे झोके १६०० दिसायला हवेत, इथे १३३३. सीपीयू-झेडच्या एसपीडी पानावर प्रत्येक पट्टीची माहिती वेगळी दिसते. जुनी पट्टी ३२०० ची, नवी २६६६ ची! आणि दोन पट्ट्या जोडीने चालतात त्या सावकाश असणारीच्या वेगाने. गॅदरिंगच्या वेळची तीन पायांची शर्यत आठवा. एकाचा पाय दुसऱ्याला बांधला की चपळ मुलालाही मागे राहणाऱ्याच्या चालीनेच धावावं लागतं.

आता माझं भांडण. रॅमच्या खोक्यांवर, जाहिरातींत, दुकानांच्या पाट्यांवर सर्रास '३२०० मेगाहर्ट्झ' छापलेलं असतं. हे चूक आहे. पेरू मोजायचे आणि झोके म्हणून सांगायचे! खुद्द विंडोजचा टास्क मॅनेजरही वर्षानुवर्षं तसंच दाखवत होता. विंडोज ११ मध्ये २०२४ साली ते एकक सुधारलं. माझ्या वर्गात उत्तर बरोबर आणि एकक चुकीचं असेल तर मी अर्धा गुण कापत असे, पालक भांडायला आले तरी. सहावीतल्या पोराला जी शिस्त लागते ती एवढ्या मोठ्या बाजाराला नको? एकक गोंधळाचं ठेवलं की गिऱ्हाईक स्वतःवरच शंका घेतं, आणि खरी फसवणूक त्या गोंधळात लपून जाते. आमच्या बाबतीत नेमकं तेच झालं.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो. तो मुलगा म्हणाला, "काकू, तुम्हाला नाही कळणार, काही फरक पडत नाही." मी कागद पुढे ठेवला. एका खेपेला ८ बाइट. एकटी ३२०० ची पट्टी, सेकंदाला २५.६ जीबी. आमची सध्याची जोडी, ४२ च्या थोडं वर. दोन्ही ३२०० च्या असत्या तर ५१.२. आता प्रामाणिकपणे सांगते, त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. एकीच्या दोन पट्ट्या झाल्याने नातवाचा गेम आधीपेक्षा चांगलाच चालत होता, आणि २६६६ ऐवजी ३२०० केल्याने जो फरक पडेल तो खेळताना फारसा जाणवणारही नाही. हे आकडे कागदावरची कमाल मर्यादा आहेत, हेही मला ठाऊक आहे. पण फरक जाणवत नाही म्हणून किलोला आठशे ग्रॅम तोललेले चालतात का? त्याने कुरकुरत पट्टी बदलून दिली. बिलावर 'डीडीआर४, ३२००' असं मी समोर उभं राहून लिहून घेतलं.

आणि नातवालाही सोडलं नाही. वेग नीट न तपासता वाढवायला निघणं हा आजार त्याच्या पिढीत फार. डीडीआर४ ची प्रमाणित पट्टी १.२ व्होल्टवर चालते. एक्सएमपीसारख्या ओव्हरक्लॉकच्या सेटिंगमध्ये ती बहुधा १.३५ वर नेतात. मोठ्या डेस्कटॉपला, हवा खेळती असेल तर, खुशाल करावं. लॅपटॉपच्या चिंचोळ्या पोटात आधीच उष्णता मावत नाही. त्यात कुणाची तरी बायॉस फाइल घालायची, आणि ती फसली की यंत्र सुरूच होत नाही. याहून वाईट म्हणजे ताणलेली रॅम चुकते तेव्हा दरवेळी निळा पडदा येतोच असं नाही. कधी ती चुकीचा पाढा ठणठणीत आवाजात म्हणणाऱ्या मुलासारखी चुकीचा आकडा देऊन मोकळी होते, आणि महिन्याभराने प्रोजेक्टची फाइल उघडत नाही. त्याच लॅपटॉपवर त्याचं कॉलेजचं सगळं काम आहे. ते कशासाठी पणाला लावायचं, पडद्यावरच्या एका आकड्यासाठी?

भाच्यांनो, पुतण्यांनो, हसू नका. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, परफॉर्मन्समध्ये मेमरी उघडा. वेग किती आणि किती खाचा भरल्यात ते तिथे दिसतं. मग तुमचं बिल काढून बघा, त्यावर काय लिहिलंय ते.

नातवाने मित्राची ती फाइल माझ्यासमोर पुसली. रात्रभर मेमरीची चाचणी लावून ठेवली, सकाळी एकही चूक नाही. सीपीयू-झेडमध्ये आता १५९६ दिसतं. "चार कमी का गं?" मी विचारायच्या आधी त्यानेच विचारलं. म्हटलं, आता तू शोध आणि मला सांग. एककासहित.

असो. लोणचं पुढच्या वेळी नक्की.