आधी मॉर्फिन, मग बर्फ

जळीत वॉर्डात सकाळी सगळ्यांना धास्ती असते ती ड्रेसिंगची. जखमेला चिकटलेली पट्टी सलाइनने भिजवून सोडवायची, मेलेली कातडी खरवडून काढायची, मलम लावून पुन्हा बांधायचं. रोज किंवा दिवसाआड, आठवडेच्या आठवडे. बाहेरच्या बाकावर नातेवाईक कानांवर हात ठेवून बसलेले.

नागपूरकरांना हे परकं नाही. शहराच्या आसपास दारूगोळ्याचे कारखाने आहेत आणि तिथे स्फोट होतात: १७ डिसेंबर २०२३ ला बाजारगाव, १३ जून २०२४ ला धामणा, २४ जानेवारी २०२५ ला भंडाऱ्याची आयुध निर्माणी. गेलेल्यांचा आकडा पेपरात येतो, वाचलेल्यांचं ड्रेसिंग कुठेच येत नाही.

अमेरिकेत सिएटलच्या हार्बरव्ह्यू रुग्णालयात हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन या मानसशास्त्रज्ञांनी ड्रेसिंगच्या याच वेळेतल्या दुखण्यावर काम केलं. रुग्णाच्या डोळ्यांवर आभासी जगाचा चष्मा चढवायचा. आत बर्फाळ दरी, पेंग्विन, हिममानव; आपण बर्फाचे गोळे फेकत पुढे जायचं. या खेळाचं नाव ‘स्नोवर्ल्ड’. त्याआधी, वेगळं आभासी जग वापरून, २००० साली त्यांनी दोन भाजलेल्या मुलांची हकीकत प्रसिद्ध केली होती. साध्या व्हिडिओ गेमपेक्षा चष्म्यात असताना दोघांनाही कमी दुखलं. पुढे निरोगी माणसांच्या पायाला चटका देऊन मेंदूचं स्कॅनही केलं, तर वेदनेशी निगडित भागांतली हालचाल खरोखर मंदावलेली दिसली. लक्ष दुसरीकडे गुंतलं की दुखण्याच्या वाट्याला ते कमी येतं. चेहरा भाजलेल्यांना चष्मा घालता येत नाही, म्हणून तो डोळ्यांसमोर धरणारा यांत्रिक हातही त्यांनी बनवला. (आपल्याकडे मे महिन्यात पेंग्विनपेक्षा चिखलदऱ्याचं धुकं दाखवलेलं बरं.)

मला मात्र पॅटरसन यांची दुसरी, बिनयंत्राची वाट जास्त जवळची वाटते: संमोहन. ड्रेसिंगच्या आधी रुग्णाशी संथपणे बोलून त्याला सैल करायचं आणि सांगून ठेवायचं की नर्सचा हात खांद्यावर पडला की शरीर पुन्हा असंच सैल होईल. पुढे ड्रेसिंग करताना नर्सने फक्त हात ठेवायचा. यात जादूटोणा नाही. १८४५ मध्ये हुगळीला जेम्स एस्डेल हा स्कॉटिश सर्जन याच जातीच्या उपायावर शस्त्रक्रिया करत होता. पुढच्याच वर्षी ईथरची भूल आली आणि हे सारं मागे पडलं. एस्डेलला चष्मा लागला नव्हता. आपल्याला लागेल तो मानसोपचाराची तालीम घेतलेला, रुग्णाशी वऱ्हाडीत बोलणारा माणूस.

पण एक भीती आहे. चष्मा आला की फीत कापली जाईल, फोटो निघेल आणि वेदनाशामक औषधाची बाटली कपाटातच राहील. सिएटलमध्ये हे उपाय औषधांच्या जोडीला वापरले गेले, औषधांऐवजी नव्हे. आपल्याकडे अमली पदार्थांच्या कायद्यातल्या २०१४ च्या दुरुस्तीने मॉर्फिनची वाट सोपी केली, तरी ‘सवय लागेल’ म्हणत हात आखडता घेणारे आहेतच. भाजलेल्या माणसाला ‘जरा सहन कर बाबा’ म्हणणं हा उपचार नव्हे.

म्हणून मेडिकल, मेयो आणि एम्स ही रुग्णालयं असलेल्या या शहरात खरेदीच्या यादीआधी मी केसपेपर मागेन. ताप लिहितात तसा ड्रेसिंगच्या आधी आणि ड्रेसिंग चालू असताना दुखण्याचा आकडा, शून्य ते दहा, रुग्णाला विचारून लिहायचा. महिनाभर तो लिहिला, त्याप्रमाणे औषध वाढवलं आणि तरीही आकडा आठ-नऊवरच अडला, की मग चष्म्याची फाईल खुशाल पुढे सरकवा. त्यात प्रत्येक रुग्णानंतर चष्मा निर्जंतुक कोण करणार, हेही लिहा; जळीत वॉर्डात जंतुसंसर्गाने माणसं दगावतात.